नेपाळला फोन: गडी गावाला निघण्याआधी करायची तयारी

कोकणातल्या आंबा बागांत राखणीला, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या नौकांवर खलाशी म्हणून, पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या गेटवर आणि हॉटेलांच्या भटारखान्यांत नेपाळी माणसे काम करतात. जूनमध्ये आंबा आटोपतो, मासेमारी बंद होते आणि यातले बरेच जण गावाकडे निघतात. १ ऑगस्टला नौका पुन्हा पाण्यात जायच्या असतात, दिवाळीनंतर बागांत माणसे हवी असतात. मग मालक फोन लावायला घेतो आणि एकतर 'हा क्रमांक अस्तित्वात नाही' असे ऐकतो, नाहीतर भलत्याच कुणाला तरी उठवतो, नाहीतर तीन मिनिटे बोलून टॉप-अप संपवतो.

नेपाळला जायला व्हिसा लागत नाही म्हणून फोनही आपल्यासारखाच लागेल असे वाटते. फोनच्या हिशेबात मात्र नेपाळ परदेशच आहे. तुमच्या पॅकमधले 'अनलिमिटेड कॉल' सीमेवर संपतात. फुकट किंवा जवळपास फुकट बोलायची सोय आहे, पण ती आयत्या वेळी होत नाही. माणूस तुमच्यासमोर असतानाच अर्ध्या तासात ती करून ठेवायची असते.

नंबर नीट लिहिणे

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण नेपाळचे मोबाइल नंबर दिसायला अगदी आपल्यासारखे असतात. दहा आकडी, सुरुवात ९७ किंवा ९८ ने. नेपाळ टेलिकॉमचे नंबर ९८४, ९८५, ९८६, ९७४, ९७५, ९७६ यांनी सुरू होतात, एनसेलचे ९८०, ९८१, ९८२, ९७० यांनी. हेच आकडे भारतातही चालू असतात. त्यामुळे देशाचा कोड न लावता नेपाळी नंबर फिरवला तर फोन लागतो, फक्त तो भारतातल्याच कुणाला तरी लागतो. समोरून 'कोण बहादूर?' असे आले की नंबर चुकीचा दिला असे वाटते. नंबर बरोबर असतो, कोड राहिलेला असतो.

म्हणून नंबर सेव्ह करताना नेहमी असा करा: आधी अधिकचिन्ह, मग ९७७, मग दहा आकडे. मध्ये शून्य नाही. अधिकचिन्हासाठी फोनवर ० चे बटण दाबून धरा. लँडलाइनवरून लावताना अधिकचिन्हाऐवजी ०० लावायचे.

नेपाळच्या लँडलाइनला गावाचा कोड असतो आणि तो सांगताना तिथले लोक पुढे शून्य लावून सांगतात: काठमांडू ०१, पोखरा ०६१, बुटवल ०७१, नेपाळगंज ०८१, धनगढी ०९१. भारतातून लावताना तो शून्य गाळायचा. काठमांडूसाठी +९७७ १ आणि पुढे सात आकडे, पोखऱ्यासाठी +९७७ ६१ आणि पुढे सहा आकडे.

जुन्या वहीत ९६१, ९६२ किंवा ९८८ ने सुरू होणारा नंबर असेल तर त्यावर वेळ घालवू नका. ते स्मार्ट टेलिकॉमचे नंबर, आणि त्या कंपनीचा परवाना २०२३ मध्ये रद्द झाला.

आणखी एक. फोनमध्ये 'बहादूर १', 'बहादूर २', 'गुरखा नवीन' अशी नावे ठेवायची सवय सोडा. माणसाचे खरे नाव आणि त्याच्या जिल्ह्याचे किंवा गावाचे नाव लिहा. माणसाला नावाने हाक मारणे बरे, हे तर झालेच, पण पाच बहादुरांतला अछामचा कोणता आणि कैलालीचा कोणता हे सप्टेंबरात आठवत नाही आणि प्रत्येक चुकीच्या कॉलचे एक मिनिट कापले जाते.

निघण्याआधीचा अर्धा तास

माणूस सामान बांधत असताना हे उरकून घ्या:

१. त्याचा नेपाळी नंबर विचारा. बऱ्याच जणांकडे तिकडचे सिम पाकिटात जपून ठेवलेले असते. दोन सिम असतील तर दोन्ही नंबर घ्या. डोंगराळ भागात सहसा नेपाळ टेलिकॉमची रेंज अधिक मिळते, त्यामुळे तो नंबर आधी लिहा.

२. घरातल्या किंवा शेजारच्या दुसऱ्या एकाचा नंबर घ्या. शक्यतो स्मार्टफोन असलेल्याचा.

३. त्याच्या फोनमध्ये व्हॉट्सॲप कोणत्या नंबरवर चालते ते पाहा. बहुधा ते भारतीय नंबरवर असते. ते तसेच राहू द्या. सीमा ओलांडून नेपाळी सिम घातले तरी भारतीय नंबरचे व्हॉट्सॲप इंटरनेटवर सहसा चालू राहते. त्या वेळी व्हॉट्सॲप 'नंबर बदलला का' असे विचारू शकते. उत्तर 'नाही' असे द्यायचे, हे त्याला आत्ताच सांगून ठेवा.

४. व्हॉट्सॲपसारखेच व्हायबर हे ॲपही घालून द्या. नेपाळात ते पुष्कळ वापरले जाते. का घालायचे ते पुढे येईलच.

५. तुमच्या फोनवरून त्याला आणि त्याच्या फोनवरून तुम्हाला एकेक चाचणी कॉल करा. दोन्ही बाजूंनी नंबर सेव्ह असलेला बरा. अनोळखी नंबरचे कॉल गप्प करण्याची सोय व्हॉट्सॲपमध्ये आहे आणि ती चालू असेल तर तुमचा कॉल वाजणारच नाही.

६. भारतीय सिमची मुदत पाहा.

हा शेवटचा मुद्दा सगळे विसरतात आणि त्यातूनच मोठा घोटाळा होतो. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामकाच्या नियमाप्रमाणे प्रीपेड नंबर सलग ९० दिवस कशालाच वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर तेवढे कापून आणखी ३० दिवस मिळतात. जूनमध्ये गेलेला माणूस दिवाळीनंतर येणार असेल तर पाच महिने होतात, म्हणजे दोन्ही मुदती उलटतात. नंबर बंद झाला की तो काही काळाने दुसऱ्याला दिला जातो आणि त्यावरचे व्हॉट्सॲप त्या दुसऱ्याच्या हाती जाते. निघताना ८४ दिवसांसारखा लांब मुदतीचा पॅक मारून द्या आणि तो संपण्याआधी इथूनच पुढचा मारा.

त्याला एवढेही बजावा: गावात असताना व्हॉट्सॲप काढून टाकायचे नाही आणि नव्या फोनवर न्यायचे नाही. नव्याने सुरू करताना ओटीपी भारतीय सिमवर येतो आणि रोमिंग नसेल तर नेपाळात तो पोचत नाही. नवा फोन घ्यायचाच असेल तर इथे घेऊन, इथेच सगळे बसवून मग जावे. मात्र नेपाळात फोनचा आयएमईआय क्रमांक नोंदवण्याची सरकारी व्यवस्था आहे आणि बाहेरून आणलेल्या, न नोंदलेल्या फोनवर तिकडचे सिम अडकू शकते. आयएमईआय पाहायला *#०६# दाबायचे. भाऊबहिणींसाठी फोन घेऊन जाणाऱ्यांनी तो कागदावर लिहून बिलासोबत न्यावा.

इंटरनेटवरून बोलणे

दोन्हीकडे इंटरनेट असेल तर यापेक्षा स्वस्त काही नाही. व्हॉट्सॲपचा आवाजी कॉल मिनिटाला साधारण अर्धा ते एक एमबी खातो. रोज दीड जीबी मिळणाऱ्या पॅकमध्ये तासभर बोललात तरी जाणवणार नाही. व्हिडिओ कॉल त्याच्या कितीतरी पट जास्त, मिनिटाला पाच एमबी आणि त्याहून वर. तुम्हाला डेटाची चिंता नसते, पण तिकडच्या माणसाचा पॅक लहान असू शकतो. कॉल फुकट असतो असे म्हणताना खर्च दोघांचाही होतो हे लक्षात घ्या. त्याने डेटा वाचवायला हवा असेल तर व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज आणि डेटा' या भागात कॉलसाठी कमी डेटा वापरण्याचे बटण आहे. ते दोन्ही फोनवर चालू करा.

आवाज तुटायला लागला की लोक ओरडून बोलतात. त्याने काही होत नाही. आधी व्हिडिओ बंद करा. तरी तुटत असेल तर कॉल ठेवून व्हॉइस मेसेज पाठवा. एका मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाव एमबीच्या आत बसतो आणि त्याला सलग रेंज लागत नाही. माणूस संध्याकाळी धारेवरच्या दुकानापाशी गेला की तो उतरतो आणि उत्तरही येते. कधी निघणार, किती जण येणार, उचल किती हवी, एवढे बोलणे व्हॉइस मेसेजवर व्यवस्थित होते.

आता व्हायबर कशासाठी ते. ४ सप्टेंबर २०२५ ला नेपाळ सरकारने नोंदणी न केलेली २६ समाजमाध्यमे बंद केली. त्यात फेसबुक, मेसेंजर आणि व्हॉट्सॲपही होते. व्हायबरने नोंदणी केलेली असल्यामुळे ते चालू राहिले. तरुणांचे आंदोलन पेटले आणि ८ सप्टेंबरच्या रात्री बंदी उठली, पण त्या चार दिवसांत ज्यांच्याकडे एकच ॲप होते त्यांना साध्या कॉलचे पैसे मोजावे लागले. दुसरे ॲप ठेवायला काहीच लागत नाही.

नंबर आपल्या फोनमध्ये दहा आकडी सेव्ह असेल तर व्हॉट्सॲप त्याला भारतीय समजते. मग तो माणूस यादीत दिसतच नाही, किंवा दिसतो तो भलताच. फोटो आणि नाव पाहून खात्री केल्याशिवाय 'कधी येतोस रे' असे पाठवू नका.

साधा कॉल लावायचाच असेल

रेंज आहे पण इंटरनेट नाही, किंवा घरी बटणांचाच फोन आहे, अशा वेळी आयएसडीला, म्हणजे साध्या परदेशी कॉलला, पर्याय नाही. पुष्कळ प्रीपेड सिमवर आयएसडी मुळात बंदच असते. ती सुरू करायला कंपनीच्या ॲपमध्ये किंवा ग्राहक सेवेला विनंती करावी लागते: एअरटेलला १२१, जिओ आणि व्हीआयला १९९, बीएसएनएलला १५०३. त्याच वेळी नेपाळचा मिनिटाचा दर विचारा, आणि पल्स, म्हणजे पैसे कापण्याचा टप्पा, किती सेकंदांचा हेही. पल्स ६० सेकंदांचा असेल तर एक मिनिट चार सेकंदांच्या कॉलला दोन मिनिटांचे पैसे लागतात.

पुढचा खड्डा टॉप-अपचा. आयएसडीचे पैसे अनलिमिटेड पॅकमधून जात नाहीत, मुख्य शिल्लकेतून जातात आणि ती टॉप-अपने भरावी लागते. १० रुपयांच्या टॉप-अपला ७ रुपये ४७ पैसे मिळतात, ५० ला ३९ रुपये ३७ पैसे, १०० ला ८१ रुपये ७५ पैसे. १८ टक्के जीएसटी आणि वर कंपनीचे प्रक्रिया शुल्क आधीच कापले जाते. म्हणजे दहा-दहाचे दहा टॉप-अप मारले तर हाती ७४ रुपये ७० पैसे, एकदम शंभरचा मारला तर सात रुपये जास्त. दर मिनिटाला १२ रुपये आहे असे समजा. दहाच्या टॉप-अपमध्ये एक मिनिटही बसत नाही आणि शंभरच्या टॉप-अपमध्ये सहा मिनिटे होतात. 'बॅलन्स टाकला तरी फोन लागत नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच गणित असते.

महिन्यात दोन-चारदा बोलायचे असेल तर आयएसडी पॅक घ्यायचा का, हे अंदाजाने ठरवू नका. पॅकच्या किमतीला साधा दर आणि पॅकमधला दर यांच्या फरकाने भागा. समजा पॅक ४० रुपयांचा, साधा दर १२ आणि पॅक घेतल्यावर ८. फरक ४, म्हणून दहा मिनिटांच्या पुढे बोललात तरच पॅक फायद्याचा. मुदतही पाहा. सात दिवसांच्या पॅकात दहा मिनिटे होत नसतील तर नुसता टॉप-अप बरा. काही पॅक मोजक्याच देशांना लागू असतात, त्यामुळे यादीत नेपाळचे नाव डोळ्यांनी वाचून मगच पैसे भरा.

इंटरनेटवरून थेट साध्या फोनवर कॉल लावणाऱ्या सेवाही आहेत, जसे व्हायबर आउट. यात इंटरनेट फक्त तुमच्याकडे लागते, समोर बटणांचा फोन चालतो. आधी पैसे भरायचे, मग मिनिटाप्रमाणे कापले जातात. मोबाइलचा आणि लँडलाइनचा दर वेगळा असतो, तेव्हा नेपाळ मोबाइलचा दर पाहून तो आपल्या कंपनीच्या दराशी ताडून पाहा. स्काइप मात्र आता शोधू नका, ते मे २०२५ मध्ये बंद झाले.

उलट दिशाही तपासावी. कधी तिकडून इकडे फोन करणे स्वस्त पडते. नेपाळी रुपयाचा दर १९९३ पासून ठरलेला आहे: भारतीय १ रुपया म्हणजे नेपाळी १.६० रुपये. माणूस म्हणाला की मिनिटाला १६ रुपये जातात, तर ते आपले १० झाले. त्याचा दर कमी निघाला तर तुम्ही एक रिंग द्यायची आणि त्याने फोन करायचा, असे ठरवता येते. खर्च झालेले पैसे त्याच्या पगारात धरायला विसरू नका. मिस्ड कॉल फुकटात पडतो, गड्याचा बॅलन्स पडत नाही.

स्वस्तातली एक वाट मात्र टाळा. नेपाळहून किंवा आखातातून आलेला फोन तुमच्या स्क्रीनवर भारतीय मोबाइल नंबर म्हणून दिसत असेल, तर तो बहुधा सिम बॉक्समधून, म्हणजे पुष्कळ सिम घालून परदेशी कॉल स्थानिक करून सोडणाऱ्या यंत्रातून, वळवलेला असतो. परवान्याशिवाय एक्स्चेंज चालवणाऱ्यांचा हा धंदा आहे आणि त्यासाठी कुणाच्या तरी कागदपत्रांवरची सिम वापरलेली असतात. 'महिन्याचे दोनशे द्या, नेपाळला हवे तेवढे बोला' असे सांगणाऱ्याला आपले किंवा गड्याचे ओळखपत्र देऊ नका.

फोन लागत नाही तेव्हा

'या सुविधेची परवानगी नाही' असे ऐकू आले तर आयएसडी बंद आहे. 'क्रमांक तपासा' आले तर कोडनंतर शून्य पडला आहे का ते पाहा. रिंग न होता लगेच तुटत असेल तर बहुधा शिल्लक एका मिनिटापुरती नाही. 'स्विच ऑफ' आले तर खरेच तसे असू शकते. सीमेच्या पट्ट्यात आणखी एक गंमत होते. बनबसा, रुपैडिहा, सुनौली, रक्सौल अशा नाक्यांच्या जवळ नेपाळच्या बाजूलाही भारतीय टॉवरची रेंज येते. माणूस घरी जाताना किंवा येताना नाक्यापाशी असेल तर त्याचा भारतीय नंबर लागतो आणि साध्या पॅकमध्ये बोलणे होते. म्हणून निघण्याच्या दिवशी आधी भारतीय नंबर लावून पाहा.

दसऱ्याच्या दिवसांत धीर धरा. नेपाळचा दशैं आणि आपले नवरात्र एकाच वेळी येते आणि सारा देश घरी फोन करत असतो. सकाळी लवकर लावलेला फोन लागण्याची शक्यता जास्त. नेपाळचे घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटे आहे, म्हणजे तुमचे सहा तेव्हा त्यांचे सव्वासहा.

अनोळखी +९७७ नंबरवरून मिस्ड कॉल आला तर लगेच उलट फोन करू नका. आधी व्हॉट्सॲपवर नंबर टाकून कोण आहे ते पाहा. आणि नव्या नंबरवरून कुणी 'मी तुमचाच माणूस, तिकिटाला उचल पाठवा' म्हणाला तर व्हिडिओ कॉलवर चेहरा पाहिल्याशिवाय पैसे सोडू नका.

तुम्हीच पशुपतिनाथ, मुक्तिनाथला निघालात तर

घरच्यांना फोन करायला सगळ्यात स्वस्त म्हणजे तिकडचे सिम. काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावर आणि गावातल्या दुकानांत मिळते. ओळखपत्र आणि फोटो जवळ ठेवा. व्हॉट्सॲप आपल्याच नंबरवर चालू राहील. भारतीय सिम दुसऱ्या खाचेत असू द्या, पण त्यावरचा डेटा रोमिंग बंद करा. बँकेचे ओटीपी हवे असतील तर निघण्याआधीच आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या. सीमेपलीकडे गेल्यावर ते सुरू करायला लागणारा संदेशच पुष्कळदा पोचत नाही.

तारीख ठरवताना

फोन लागला, बोलणे झाले आणि माणूस म्हणाला, 'मंसिर पाच गते येतो.' आपण ऐकून 'पाच तारीख' लिहितो आणि दहा-पंधरा दिवस वाट पाहत बसतो. नेपाळात विक्रम संवताचे सौर महिने चालतात आणि ते इंग्रजी महिन्यांच्या मध्यावर सुरू होतात. असोज सप्टेंबरच्या मध्यापासून, कार्तिक ऑक्टोबरच्या मध्यापासून, मंसिर नोव्हेंबरच्या मध्यापासून. मंसिर पाच म्हणजे साधारण नोव्हेंबरची वीस-एकवीस तारीख. फोन ठेवण्याआधी 'गाडी कोणत्या वारी पकडणार?' एवढे विचारून घ्या. वार दोन्हीकडे एकच असतो.